आजार सांगावा की झाकावा?

मधुमेहाचे पथ्य कचेरीत उघडपणे सांगितले जाते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या शिक्षकाला मुख्याध्यापक आपण होऊन तळमजल्यावरचा वर्ग देतात. परंतु नैराश्यावर उपचार घेणारा त्यांचाच सहकारी रजेच्या अर्जात 'विषमज्वर' असे लिहितो. मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाचा दाखला आस्थापना शाखेत पोहोचला, की पुढचे सांगावे लागत नाही, हे तो जाणून असतो. त्याच्या या असत्याला दोष देणे सोपे आहे. ते त्याला का लिहावे लागते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

त्याची भीती अनाठायी नाही. एकदा शिक्का बसला, की साध्या चुकीचेही खापर आजारावर फुटते आणि न्याय्य संतापही लक्षण ठरतो. परंतु मौनालाही किंमत आहे. औषधाने सकाळी येणारी गुंगी आळस म्हणून नोंदली जाते, गैरहजेरी बेशिस्त ठरते आणि हातात मेमो पडतो.

या ठिकाणी कायदा काही आधार देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने काढू नये वा पदावनत करू नये, जरूर तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, असे त्याचे कलम २० सांगते. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही या व्याख्येत येतात. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी अशा कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचाच प्रकार मानला. अर्थात, प्रत्येक खिन्नतेला हे संरक्षण लाभत नाही. विकार गंभीर असावा लागतो. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमातील गोपनीयतेचे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. शेजारच्या टेबलावरील कुजबुजीवर नाही.

म्हणून 'सांगावे की नाही' याऐवजी 'कोणाला आणि किती' असा प्रश्न करणे अधिक शहाणपणाचे. सहकाऱ्यांना रोगाचे नाव कळण्याचा कोणताही हक्क नाही. वरिष्ठांना गरज सांगावी: सकाळची पाळी बदलून हवी, उपचारासाठी महिन्यातून एक दिवस हवा. गंभीर आजारात मात्र लेखी अर्ज करून त्याची पोच जपून ठेवावी. मेमो आल्यावर सांगितलेला आजार सबब वाटतो, आधी नोंदवलेला आजार पुरावा ठरतो. खाजगी कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्याला हा सल्ला तितक्या निःशंकपणे देता येत नाही. त्याच्यापाशी ना कलम २० ची ढाल, ना उद्याच्या पगाराची शाश्वती. त्याने मौन पत्करले तर तो भित्रेपणा नव्हे, व्यवहार होय.

धैर्याची अपेक्षा नेहमी आजारी माणसाकडूनच का करावी? कर्मचाऱ्यांनी खरे सांगावे असे ज्या वरिष्ठांना वाटते, त्यांनी आधी खरे सांगणाऱ्याची खुर्ची सुरक्षित केली पाहिजे. तोवर विषमज्वराचे दाखले येतच राहतील.