पाणी, पथारी आणि परवानगी

पुण्याहून पश्चिमेकडे निघाले की तास-दीड तासात सह्याद्रीचे डोंगर लागतात. दर शनिवारी शहरातली तरुण मंडळी त्या दिशेने लोटतात आणि त्यांतील बहुतेकांची रात्र पैसे मोजून जाते. पवना धरणाच्या काठाने तर तंबूंच्या रांगाच रांगा उभ्या असतात. जेवण, शेकोटी आणि कानठळ्या बसवणारी गाणी, सारे एका दरात. आम्ही एकदा चौकशी केली तेव्हा माणशी बाराशे रुपये सांगण्यात आले. आमच्या टोळक्यातला एक जण कॉलेज सुटल्यावर झेरॉक्सच्या दुकानात उभा राहतो आणि त्यातून मेसचे पैसे भागवतो. तो आकडा ऐकून तो नुसता हसला. त्याच्यावाचून जायचे नाही, हे आमचे आधीपासून ठरलेले. त्यामुळे गेली तीन वर्षे आम्ही जिथे एक पैसाही पडत नाही अशाच जागी रात्री काढल्या आहेत. त्या कशा शोधायच्या, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिली गोष्ट, जागा शोधायची नसते. पाणी शोधायचे असते. सपाट जमीन डोंगरात हवी तेवढी मिळते. पाणी मात्र मोजक्या ठिकाणी असते, आणि ज्याला ही ठिकाणे ओळखता आली त्याला मुक्काम सापडला असे समजावे.

येथे भूगोलाच्या विद्यार्थ्याला थोडे मिरवण्याची संधी आहे, ती मी सोडणार नाही. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो चार हजारांच्या वर जातो. एवढे पाणी कोसळूनही मार्च-एप्रिलात त्याच मावळातल्या बायका हंडे घेऊन लांबवर चालताना दिसतात. कारण पायाखालच्या दगडात आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक थर. घट्ट काळा बेसाल्ट पाणी पोटात घेत नाही. पण दोन थरांच्या मध्ये सच्छिद्र, भुसभुशीत दगड किंवा लाल मातीचा पट्टा असतो. वरून झिरपलेले पाणी तेथे अडते आणि आडवे वाहत कड्याच्या पोटातून बाहेर येते. म्हणून डोंगराच्या अर्ध्या उंचीवर एखादा हिरवा पट्टा, उंबराचे झाड किंवा ओलसर काळी रेघ दिसली, तर तिच्या आसपास झरा असण्याचा संभव मोठा. वाड्या-वस्त्याही बहुधा याच पातळीवर वसलेल्या आढळतात. समोरच्या डोंगरावर एखादी वाडी दिसली, की तिच्याच उंचीवर या बाजूलाही पाहावे. हा ठोकताळा आम्हांला पुष्कळदा उपयोगी पडला आहे.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतील बऱ्याच लेण्यांच्या शेजारी कातळात खोदलेले टाके असते. जुन्या ब्राह्मी लेखांत त्याला ‘पोढि’ म्हटले आहे. कोणी लेणे दान दिले, कोणी पोढि दिली, अशा नोंदी दगडावर कोरलेल्या आहेत. नाणेघाटातले सातवाहनांच्या राणीचा लेख असलेले लेणे तर भर व्यापारी वाटेवर आहे. घाट चढून आलेल्या माणसाला सावली, पाणी आणि पाठ टेकायला जागा फुकट मिळावी, ही कल्पना या डोंगरात दोन हजार वर्षांची आहे. किल्ल्यांवरची टाकी त्याच परंपरेतली. मात्र टाके दिसले म्हणजे पाणी पिण्याजोगे आहे असे धरून चालू नये. खांबांच्या आत गेलेल्या, सावलीतल्या टाक्याचे पाणी उघड्या टाक्यापेक्षा बरे. तेही उकळून किंवा औषधाचे थेंब टाकूनच प्यावे. आणि काय वाटेल ते झाले तरी पिण्याच्या टाक्यात पाय घालू नयेत, खरकटी भांडी बुडवू नयेत. गावकऱ्यांचा राग सर्वांत जास्त कशाचा असेल तर याचाच, आणि तो रास्त आहे.

पाणी कागदावरही शोधता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, आमच्या विभागाच्या कपाटात धूळ खात पडले होते. पुणे-मावळ-मुळशीसाठी ४७ एफ आणि जुन्नर-हरिश्चंद्रगडाकडे ४७ ई या मालिकेतील पत्रके पाहावीत. तपकिरी समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तेथे कडा. त्या अचानक दूर दूर झाल्या की तेथे माची किंवा पठार. त्या मोकळ्या जागेत निळ्या रंगाची विहीर, तळे किंवा ओढ्याचा उगम असेल तर पेन्सिलीने गोल करावा. मोबाइलवरच्या उपग्रहचित्रांतही हे दिसते. फक्त ती चित्रे कोणत्या महिन्यातली आहेत याचा भरवसा नसतो, आणि ऑक्टोबरातले भरलेले तळे एप्रिलात भेगाळलेली जमीन असते.

नकाशावरचा गोल म्हणजे अर्धेच काम. उरलेले अर्धे माणसापाशी होते. मावळात मालक नसलेली जमीन जवळजवळ नाही. कुणाचा तरी सातबारा, नाही तर गावचे गायरान, नाही तर वनखाते किंवा पाटबंधारे खाते. तेव्हा विचारल्याशिवाय पथारी पसरू नये. विचारण्याची वेळ महत्त्वाची आहे. अंधार पडल्यावर आठ पोरे दारात उभी राहिली तर कोणीही बिचकेल. चार-साडेचारच्या सुमारास गावात शिरावे, पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना रामराम घालावा, कोठून आलो ते सांगावे आणि मग हळूच विषय काढावा, “बाबा, आजची रात देवळात पडलो तर चालंल का?” बहुतेक वेळा उत्तर येते, “पडा की! देऊळ काय कुणाच्या बापाचं हाय का? फकस्त दारू-मटण नको बघा.” एवढ्या एका वाक्यात परवानगी आणि नियमावली दोन्ही येतात.

मारुतीचे किंवा भैरोबाचे देऊळ, समाजमंदिर, शाळेची पडवी ही नेहमीची ठिकाणे. शाळेचे मात्र गुरुजींना विचारावे, आणि सोमवारी पोरे येण्यापूर्वी पडवी झाडून द्यावी. मुळशीकडच्या एका शाळेची पडवी आमची अगदी ठरलेली होती. मागच्या वर्षी गेलो तर तिला जाळीचे दार आणि कुलूप. आमच्या आधी आलेल्या कोणा टोळीने रात्री बाटल्या फोडल्या होत्या आणि सकाळी एका पोरीच्या पायात काच गेली होती. गुरुजी आम्हांला ओळखत होते, तरी त्यांनी कुलूप काढले नाही. आम्हीही आग्रह केला नाही. त्या रात्री एका मावशींनी खळ्यात जागा दिली.

खळ्यावरून आठवले. नोव्हेंबरअखेर भाताची कापणी आटोपली की मावळातली खाचरे रिकामी होतात. बांधांनी आखलेली, सपाट, वाऱ्यापासून थोडी आडोशाची अशी ही जागा तंबूला नामी असते. पाहावे एवढेच, की त्यात वाल किंवा हरभरा पेरलेला नसावा. भाताची धसकटे तंबूच्या तळाला भोके पाडतात, म्हणून खाली जुने पोते अंथरावे. उन्हाळ्यात ज्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून ठेवलेले दिसेल तेथे मात्र बूडही टेकू नये. तो राब असतो. शेतकरी तो भाजणार असतो, आणि त्याच राखेवर पुढच्या भाताची रोपे उगवणार असतात.

जागेला भाडे नाही, म्हणून गावाला काहीच द्यायचे नाही असा अर्थ आम्ही करत नाही. ज्या घरातून भाकरी-पिठले येते त्या घरी जेवणाचे पैसे रोख द्यावेत. वहिनी नको म्हणाल्या तरी द्यावेत. पवनेच्या तंबूवाल्यांना मी वर टोमणा मारला खरा, पण त्या काठावरच्या अनेक कुटुंबांची जमीन धरणात गेलेली आहे, आणि चार तंबू लावून कोणाच्या घरात दोन पैसे येत असतील तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार शहरातल्या माणसाला नाही. माझी तक्रार फक्त कर्ण्याविरुद्ध आहे.

आता कायद्याविषयी, कारण येथे ‘आम्ही पूर्वीपासून राहतो’ हे उत्तर चालत नाही. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे आणि जाळ करणे हा १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा त्याहून कडक आहे. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे, आणि हरिश्चंद्रगडही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच पुढे जावे. केंद्राने संरक्षित केलेली स्मारके सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच उघडी असतात. कार्ले, भाजे, लोहगड ही त्यांतली. राजगडावर पद्मावतीच्या देवळात भटक्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या झोपल्या. गो. नी. दांडेकरांची पुस्तके वाचून किल्ल्यांच्या नादी लागलेल्या आमच्या एका प्राध्यापकांच्या तरुणपणाच्या निम्म्या गोष्टी त्या देवळातच घडतात. पण जुलै २०२५ मध्ये राजगड, लोहगड, शिवनेरी, रायगड यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तेथे आता पुरातत्त्व खात्याची परवानगी असल्याखेरीज रात्रीचा विचार करू नये. मला याचे वाईट वाटते आणि ते पटतेही. एका देवळात शनिवारी दोनशे माणसे झोपू लागली तर त्याचे काय होते ते मी पाहिले आहे.

सुदैवाने पर्याय आहेत. जी नावे सर्वांना ठाऊक आहेत तीच येथे सांगतो. लहान जागांची यादी मुद्दाम देत नाही, कारण छापून आलेली जागा दोन वर्षांत संपते. श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांच्या पायथ्याला राजमाचीची उधेवाडी आहे. तेथे लोणावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटरची निवांत वाट जाते, आणि कर्जतकडून कोंढाण्याच्या लेण्यांवरून छातीवरचा चढ आहे. भोरजवळ रायरेश्वराचे लांबलचक पठार आहे. वर शंकराचे देऊळ, काही घरे आणि पाण्याची सोय आहे. पालीजवळच्या सुधागडावर भोराईचे देऊळ आणि पंतसचिवांचा वाडा आहे. तिन्ही ठिकाणी खाली किंवा वर माणसे राहतात, आणि त्या त्या वेळी काय चालते ते तीच सांगतात.

रात्रीच्या धोक्यांत बिबट्याची चर्चा फार होते. मला अधिक भीती मण्यारीची वाटते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, श्वास अडखळतो. तंबूची चेन पूर्ण लावावी. देवळात झोपत असाल तर मच्छरदाणी बांधून तिच्या कडा पथारीखाली दुमडाव्यात. दंशाचा नुसता संशय आला तरी मांत्रिक, चिरा, आवळपट्टी यांत वेळ न घालवता जेथे प्रतिसर्पविष मिळते अशा रुग्णालयाची वाट धरावी आणि १०८ ला फोन करावा. डोंगरात फोन लागेलच असे नाही, म्हणून गावात कोणाकडे गाडी आहे हे झोपण्यापूर्वीच विचारून ठेवावे. नदीच्या पात्रात, विशेषतः धरणाच्या खालच्या अंगाला, तंबू लावू नये. पाणी सोडले तर आकाश निरभ्र असतानाही पूर येतो. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात उघड्या पठारावरून दुपारीच खाली यावे, कारण तेथे विजेला तुमच्याहून उंच काही सापडत नाही. आणि कड्यावर आग्या मोहोळ लटकलेले असेल तर त्याच्याखाली धूर करू नये. हे सांगावे लागते, कारण लोक करतात.

शौचाला पाण्यापासून निदान शंभर पावले दूर जाऊन वीतभर खड्डा खणावा. याहून जास्त या विषयावर महाविद्यालयाच्या वार्षिकात लिहिणे बरे दिसणार नाही.

शेवटी आमची एक युक्ती सांगतो, जी कोणत्याही नकाशात नाही. एस.टी.च्या काही गाड्या संध्याकाळी आडगावात जातात आणि रात्री तेथेच थांबून पहाटे परत फिरतात. त्यांना मुक्कामी गाडी म्हणतात. ज्या गावात मुक्कामी गाडी थांबते तेथे वाहक-चालकांसाठी झोपायला जागा आणि पाणी कसे ना कसे असतेच. स्वारगेटला चौकशीच्या खिडकीवर उभे राहून “मुक्कामी कोणकोणत्या गावाला जाते?” एवढे विचारले की वहीचे अर्धे पान भरते. पुढे गाडीतच वाहकाशी बोलत जावे. टाके कुठल्या महिन्यात आटते, देवळाची किल्ली कोणाकडे असते, कोणत्या वाडीत कुत्री सोडलेली असतात, हे त्याला वनखात्यापेक्षाही नेमके ठाऊक असते. पहाटे साडेपाचला गाडी सुटते तेव्हा तो हाक मारून उठवतो. सोमवारच्या आठ वाजताच्या तासाला आम्ही त्याच गाडीने येतो, आणि डब्यात बहुधा मावशींनी दिलेली रात्रीची भाकरी असते.