कडेवर मूल, माथ्यावर वलय

ख्रिस्ती संत स्त्रिया म्हटलं की मठ, जपमाळ आणि जगाकडे फिरवलेली पाठ असं चित्र डोळ्यांपुढे येतं. संतांच्या यादीत कुमारिका आणि जोगिणी भरपूर आहेत, हे खरंच. पण त्याच यादीत बाळंतपणं काढलेल्या, नवऱ्याचा तापट स्वभाव सोसलेल्या आणि वाया चाललेल्या पोराच्या मागे धावलेल्या बायकाही आहेत. त्यातल्या काहींची ही झटपट ओळख.

रिंगणात केस आवरणारी

साल २०३. गाव कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं. पर्पेतुआ बावीसेक वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली. अंगावर पिणारं बाळ. गुन्हा एकच, ख्रिस्ती होण्याचा. म्हाताऱ्या बापानं तुरुंगात येऊन विनवण्या केल्या, नातवाकडे बघायला सांगितलं. ती बधली नाही. तुरुंगात तिनं लिहिलेली रोजनिशी आजही वाचायला मिळते. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लिखाण फारच थोडं उरलं आहे.

तिच्यासोबत फेलिसिटी नावाची गुलाम बाई होती, आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला देहदंड द्यायचा नाही, असा रोमन कायदा. त्यामुळे आपण सोबत्यांच्या मागे राहू, हीच तिला चिंता! तुरुंगातच तिला मुलगी झाली आणि ती पुढे एका ख्रिस्ती बाईनं वाढवली. शिक्षेच्या दिवशी रिंगणात दोघींवर उधळलेली गाय सोडण्यात आली. उडून पडलेल्या पर्पेतुआनं उठून काय करावं? पिन मागून घेतली आणि सुटलेले केस बांधले. मोकळे केस म्हणजे सुतक, आणि तिच्या लेखी तो दिवस आनंदाचा होता. दोघींचा सण एकच, ७ मार्च.

चोरून वाइन, मग आयुष्यभर आसवं

संत मोनिका आजच्या अल्जीरियातली. लहानपणी तिला पिंपातून वाइन काढायला पाठवत. आधी घोटभर, मग पेलाभर, अशी पोरीला चटक लागली. एकदा भांडणात घरातली दासी तिला ‘दारुडी’ म्हणाली. ते असं लागलं की सवय तिथंच सुटली.

पुढे नवरा मिळाला शीघ्रकोपी आणि लेक निघाला हुशार पण बेबंद. लग्नाशिवाय संसार थाटला, भलत्याच पंथात शिरला. आई पाठ सोडत नाही म्हटल्यावर तिला थाप मारून रात्रीच्या जहाजानं रोमला पळाला. मोनिका समुद्र ओलांडून इटलीत मिलानला त्याच्यापाशी पोचलीच. अखेर ३८७ च्या ईस्टरला लेकानं बाप्तिस्मा घेतला. तो लेक म्हणजे संत ऑगस्टिन. मोनिका त्याच वर्षी वारली. वाइनच्या गोष्टीपासून थापेपर्यंत सगळं आपल्याला कळलं ते लेकाच्याच ‘कन्फेशन्स’ या पुस्तकातून. कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका शहर हिच्याच नावाचं. दिनदर्शिकेतही आई लेकाच्या एक पाऊल पुढेच आहे. तिचा सण २७ ऑगस्टला, त्याचा २८ ला.

ऐंशीच्या घरात मोहीम

सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना साध्या घरातली. म्हातारपणी ती थेट पॅलेस्टाइनला गेली आणि तिनं येशूचा खरा क्रूस शोधून काढला, अशी परंपरा सांगते. म्हणून ती पुरातत्त्वज्ञांची आश्रयदाती संत. हिंदुस्थानातून परतणाऱ्या पोर्तुगीज दर्यावर्दींना १५०२ साली अटलांटिकमध्ये एक बेट लागलं, त्याला त्यांनी तिचं नाव दिलं. नेपोलियनला नंतर कोंडलं ते हेच सेंट हेलेना.

तीन राजांची आई

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’च्या शेवटी गादीवर येणारा माल्कम आठवतो? त्याच खऱ्याखुऱ्या माल्कमची राणी म्हणजे स्कॉटलंडची संत मार्गारेट. आठ मुलं. त्यातले तीन लेक स्कॉटलंडचे राजे झाले, एक लेक इंग्लंडची राणी. माल्कमला वाचता येत नव्हतं. बायकोची आवडती पुस्तकं तो हातात घेऊन त्यांचं चुंबन घ्यायचा. तिची शुभवर्तमानाची प्रत एकदा नदीत पडली आणि जवळपास धड बाहेर निघाली. ती आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

पोपला खडसावणारी

स्वीडनची ब्रिजेट हीसुद्धा आठ मुलांची आई. त्यातली कॅथरीन स्वतःही संत गणली जाते. नवरा गेल्यावर ब्रिजेट रोमला येऊन राहिली. पोप तेव्हा फ्रान्समधल्या अविन्योंला मुक्काम ठोकून होते. ‘रोमला परत या’ म्हणून तिनं पोपमहाशयांना निरोपांवर निरोप पाठवले. १९९९ मध्ये ती युरोपच्या आश्रयदात्या संतांपैकी एक ठरली.

गाडीवाल्यांची आई

रोमची फ्रान्सिस्का तीन मुलांची आई. प्रार्थनेला बसली की घरातून हाक यायची. एकच ओळ तीन-चारदा अर्धवट टाकून ती उठली. परत येऊन बघते तो ती ओळ सोन्याच्या अक्षरांत, अशी दंतकथा आहे. रात्री तिच्यापुढे देवदूत दिवा घेऊन चाले, असंही सांगतात. त्याच दिव्याच्या जोरावर १९२५ साली पोपनी तिला वाहनचालकांची संत केलं. ९ मार्चला रोममध्ये तिच्या चर्चपाशी गाड्यांना आशीर्वाद मिळतो.

लेसवाली बाई आणि घड्याळजी

फ्रान्समधल्या आलाँसाँची झेली मार्तँ. तिला जोगीण व्हायचं होतं, मठानं परत पाठवलं. तिचा होणारा नवरा लुई, त्यालाही मठवासी व्हायचं होतं; लॅटिन येत नाही म्हणून तोही परत. १८५८ मध्ये दोघांची गाठ पडली आणि तीन महिन्यांत लग्न! झेलीचा लेस विणून घेण्याचा धंदा इतका चालला की लुईनं आपलं घड्याळाचं दुकान विकलं आणि बायकोच्या धंद्यात हात घातला. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. उरलेल्या पाचही लेकी जोगिणी झाल्या. धाकटी म्हणजे संत तेरेज. मदर तेरेसांनी नाव घेतलं ते हिचंच. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी झेली आणि लुई यांना एकत्र संतपद मिळालं. नवरा-बायकोला जोडीनं संत घोषित करण्याची ती पहिलीच वेळ.

स्कीइंग करणारी डॉक्टर

इटलीची जियान्ना बेरेत्ता मोल्ला मुलांची डॉक्टर. डोंगर चढायची, बर्फावर स्कीइंग करायची, मोटार चालवायची. चौथ्या मुलाच्या वेळी गर्भाशयात गाठ निघाली. पोटातल्या जिवाला धोका होईल ते उपचार तिनं नाकारले. २१ एप्रिल १९६२ ला मुलगी झाली आणि आठवड्याभरात जियान्ना गेली, अवघ्या ३९ व्या वर्षी. २००४ मध्ये पोपनी तिला संत घोषित केलं, तेव्हा तिचा नवरा आणि मुलं तिथं हजर होती. असा सोहळा किती कुटुंबांच्या वाट्याला येतो!

आणि सगळ्यांची आजी

संत ॲन म्हणजे मरियेची आई, येशूची आजी. मुंबईकरांची वांद्र्याची मोत माउली ही हिचीच लेक. गंमत म्हणजे बायबलमध्ये ॲनचं नावही नाही; तिची गोष्ट दुसऱ्या शतकातल्या एका वेगळ्या ग्रंथातून आली. उतारवयापर्यंत मूल नव्हतं, म्हणून मूल मागणारी जोडपी तिच्याच दारी जातात. गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीला तिचं भव्य चर्च आहे. तिथल्या सणाला जोडपी काकडी, म्हणजे तवसं, वाहून मूल मागतात, म्हणून नाव पडलं तवशांचं फेस्त. जुलैअखेर गोव्यात असलात तर किनारा सोडून तळावलीकडे वाट वाकडी कराच. काकडी मात्र विचार करूनच वाहा!