कानाची मशीन: लहान म्हणजे चांगली?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे कारखाने आहेत आणि भोवती चुनखडीच्या खाणी. क्रशरच्या गोंगाटात उमर काढलेल्यांची तक्रार बहुधा एकच: "ऐकू येते, पण समजत नाही." मोठ्या आवाजाने आधी उंच पट्टीचं ऐकणं जातं, 4000 हर्ट्झच्या आसपास. मग 'स' निसटतो आणि समोरचा 'साठ' म्हणाला की 'आठ', हे कळत नाही.

अशा माणसासाठी घरचे मशीन घ्यायला निघतात ते एक समज मनात धरूनच: जितकी लहान तितकी चांगली, कानामागची म्हणजे जुनाट.

हे खरं नाही. कानाच्या नळीत पूर्ण बसणाऱ्या मशीनचा मोठा गुण एवढाच की ती दिसत नाही. आत जागा नसल्याने तिच्यात सहसा एकच माइक असतो. बाजारात, लग्नात समोरच्याचं बोलणं गोंगाटातून वेगळं काढायला दोन लागतात. मळ आणि घाम स्पीकर बुजवतात, आणि चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. 10 नंबरची इवलीशी बॅटरी काही दिवसांतच संपते. कापूस वेचून राठ झालेल्या बोटांनी ती बदलायची कशी, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. माझ्या मते तोच आधी विचारावा. ऐकणं फार कमी झालं असेल तर अशा मशीनची ताकदही पुरत नाही. कान वाहत असेल तर आधी डॉक्टर, मशीन नंतर.

कानामागच्या मशीनमध्ये ताकद जास्त आणि बॅटरी मोठी. वाढत्या मुलांना तीच देतात, कारण कान वाढला की फक्त कानात बसणारा साचा बदलावा लागतो. कारखान्यातल्या कानाला बरेचदा तिसरा प्रकार जुळतो: मशीन कानामागे, स्पीकर बारीक तारेने कानात. जाड आवाज उघड्या कानाने नेहमीसारखे येतात, मशीन फक्त हरवलेली पट्टी वाढवते.

खिशातली मशीन टाकाऊ समजतात. कपडा घासल्याचा आवाज तिच्यात येतो हे खरं. पण हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिची मोठी बटणं आणि गावात मिळणारा पेन्सिल सेल सोयीचा पडतो.

"लावली की पूर्वीसारखं ऐकू येईल" हाही गैरसमजच. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात; पहिल्या आठवड्यात भांड्यांचा आवाज नकोसा झाला म्हणून मशीन पेटीत टाकू नका. आणि मशीन म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे. कामावर इअरप्लग लागतातच. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे.

65 वर्षं पूर्ण झालेल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी एकदा 3000 रुपये मिळतात. अर्ज जरूर करा. पण मशीन निवडण्याआधी दोन्ही कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या आणि तो कागद हातात घेऊनच दुकानात जा.