एक आत्ता, एक नंतर : ठाणे-डोंबिवलीतल्या रॅमची तीस वर्षं

असेंबल्ड कॉम्प्युटरचं कोटेशन म्हणजे हाताने लिहिलेली दहा-बारा ओळींची यादी. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर... बेरीज बजेटबाहेर गेली की घासाघीस सुरू व्हायची आणि पहिली कात्री बहुतेक वेळा रॅमला लागायची. कारणही पटण्यासारखं असायचं. प्रोसेसर पुन्हा बदलणं खर्चाचं आणि लहान मॉनिटर रोज डोळ्यांत खुपणार; रॅम काय, नंतर टाकता येते! ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधल्या असंख्य घरांनी या भरवशावर मशीनं जोडली. हे ‘नंतर’ केव्हा स्वस्तात पडलं आणि केव्हा महागात, याचा हा मागोवा.

नव्वदच्या दशकात माल यायचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. डोंबिवलीहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड आणि परतीच्या गर्दीत खोकं पोटाशी धरून उभं राहायचं. ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ आली. तिला किमान ४ एमबी रॅम लागे आणि ८ एमबीची शिफारस होती. तेव्हा ‘सिम’ पट्ट्यांचा जमाना होता. ७२ पिनांची सिम एका वेळी ३२ बिट पुरवायची, पेंटियमचा मार्ग मात्र ६४ बिटांचा. त्यामुळे पेंटियमच्या बहुतेक बोर्डांवर पट्ट्या जोडीनेच बसवाव्या लागत. एकच घालून भागवू म्हटलं, तर मशीन सुरूच होत नसे.

रॅमची चणचण सगळ्यांत आधी कळली ती डीटीपीवाल्यांना. दिवाळी अंकाचं ए-फोर आकाराचं मुखपृष्ठ ३०० डीपीआयला छपाईच्या चार रंगांत उघडलं, की एका थरालाच सुमारे ३५ एमबी लागतात. मशीनमध्ये ३२ एमबी असेल तर फोटोशॉप उरलेला भार हार्ड डिस्कवर टाकतं. मग डिस्कची करकर ऐकत बसायचं, नाहीतर फिल्टर लावून चहाला जायचं. अशा कामात प्रोसेसर बदलण्यापेक्षा रॅम दुप्पट केल्याचा उपयोग जास्त होई.

पुढे १६८ पिनांची एसडी-रॅम आली आणि जोडीची सक्ती गेली. ही एकच पट्टी ६४ बिट देत असल्याने मशीन तेवढ्यावर चाले. ‘एक आत्ता, एक नंतर’ ही सवय लागली ती इथेच, आणि त्या काळापुरती ती चुकीचीही नव्हती. मात्र १९९९च्या इंटेल ८१० बोर्डापासून एक छुपा भागीदार आला. ग्राफिक्स बोर्डातच असल्याने पडद्यावरच्या चित्रासाठी लागणारी मेमरी मुख्य रॅममधून जाऊ लागली. वेगळं ग्राफिक्स कार्ड मध्यमवर्गीय घरात क्वचितच असे. म्हणजे ६४ एमबी घेतली तरी सगळी हाती लागत नसे. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, चिपचे कारखाने थांबले आणि जगभर रॅमचे भाव उसळले. ‘नंतर’चा भाव आपल्या हातात नसतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

खरा बदल झाला २००३मध्ये. इंटेलच्या ८६५ मालिकेच्या बोर्डांनी ड्युअल चॅनेल घरगुती मशीनपर्यंत आणलं. डीडीआर-४०० ची एक पट्टी सेकंदाला ३.२ जीबी डेटा देते, दोन सारख्या पट्ट्या दोन वाहिन्यांवर बसवल्या की ६.४ जीबी. ८०० मेगाहर्ट्झ बसच्या पेंटियम फोरला नेमका एवढाच पुरवठा हवा होता. आता ५१२ एमबीची एक घ्यायची, की २५६च्या दोन? दोन घेतल्या तर वेग वाढणार, पण दोनच स्लॉटचा बोर्ड असेल तर पुढे वाढवायला जागा उरणार नाही. बहुतेकांनी जागा राखली. मशीन एका पट्टीवरही मुकाट चालत असल्याने आपण काय गमावतोय हे कळायला मार्गच नव्हता. त्यातही ज्यांचं ग्राफिक्स मुख्य रॅमवर चालायचं, त्यांनीच सर्वाधिक गमावलं.

राखलेल्या जागेचं पुढे काय झालं? दुसरी पट्टी घ्यायची वेळ येईपर्यंत बाजारात पुढची पिढी आलेली असे. डीडीआर १८४ पिनांची, डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दोन्ही २४० पिनांच्या, तरी त्यांच्या खाचेची जागा वेगळी. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांचंही तसंच, पिना दोन्हींत २८८. जोर लावून बसत नाही, आणि लावूही नये. उत्पादन बंद पडलेल्या पिढीची पट्टी नव्यापेक्षा महाग मिळते किंवा वापरलेली घ्यावी लागते. शिवाय ३२-बिट विंडोजचं कुंपण होतंच. ४ जीबी बसवली तरी सव्वातीन जीबीच्या आसपासच दिसायची, कारण पत्त्यांची काही जागा बोर्डावरची इतर उपकरणं अडवतात.

या भागातल्या हवेने आणि विजेनेही रॅमची परीक्षा पाहिली. पावसाळ्यात पडदा काळा आणि केसमधून लांब बीप, ही तक्रार दुरुस्तीवाल्यांच्या ओळखीची. वीज बंद करायची, दोन्ही टोकांच्या खिट्या दाबून पट्टी काढायची, सोनेरी पिनांवरून खोडरबर हलकेच फिरवायचा, चुरा झटकायचा आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत पट्टी पुन्हा दाबायची. अर्धी दुरुस्ती तिथेच होते. २००५नंतरच्या भारनियमनात वीज गेली की न साठवलेला मजकूर रॅममधून पुसला जायचा, म्हणून कोटेशनमध्ये यूपीएसची ओळ कायमची आली.

२०२०च्या टाळेबंदीत घरून काम आणि ऑनलाइन शाळा एकाच मशीनवर आल्या आणि एकटी ४ जीबीची पट्टी अपुरी पडली. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि त्याच सुमारास रॅमचे भाव पुन्हा चढले. एआय सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे मोठे उत्पादक वळले. त्यांपैकी मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. भाव उतरण्याची वाट पाहत एकच पट्टी घेण्याचा मोह आज पुन्हा होतो आहे.

तीस वर्षांचा अनुभव मात्र जोडीच्या बाजूने आहे. घर-ऑफिससाठी ८-८ जीबीच्या, डिझाइन किंवा व्हिडिओसाठी १६-१६च्या दोन पट्ट्या एकाच संचात घ्याव्यात. बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो; पुस्तिकेत पाहून खात्री करावी. डीडीआर-५मध्ये चारही स्लॉट भरले तर वेग सहसा खाली येतो. आणि पट्टीवर छापलेला वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही वेगाची तयार सेटिंग सुरू केल्याशिवाय बहुतेकदा मिळत नाही. जुनं मशीन असेल तर टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. आधी ते पाहावं. दुकानातून निघण्यापूर्वी पट्टीचा पूर्ण मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. वॉरंटीला तोच लागतो, आणि कधी तशीच पट्टी शोधायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.