ख्रिस्ती जीवनातील मानवी इच्छा आणि आत्मसंयमन : एक विवेचन

प्रस्तावना :

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील शेवटच्या लक्षणासाठी मूळ ग्रीक भाषेत 'एन्क्रातेया' हा शब्द आला असून बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या मराठी भाषांतरात त्यासाठी 'इंद्रियदमन' हा शब्द योजला आहे. मराठी वाचकाला हा शब्द परिचित असला, तरी त्यातील 'दमन' या पदामुळे ख्रिस्ती आत्मसंयमन म्हणजे इच्छा दडपून टाकणे, असा समज होण्याचा संभव असतो. 'एन्क्रातेया' या शब्दाच्या मुळाशी सत्ता किंवा सामर्थ्य या अर्थाचा 'क्रातोस' हा शब्द आहे. स्वतःवर सत्ता असणे, हा त्याचा शब्दशः आशय होय. इच्छा नष्ट करणे आणि इच्छेवर सत्ता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ख्रिस्ती परंपरेत कसा विकसित झाला आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. नव्या करारातील इच्छा आणि देह :

नव्या करारात इच्छेसाठी 'एपिथुमिया' हा शब्द वापरला आहे. अनेक ठिकाणी तो दुष्ट वासना या अर्थाने येतो. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या २२ व्या अध्यायात शिष्यांसमवेत वल्हांडणाचे भोजन करण्याची येशूची उत्कंठाही याच शब्दाने व्यक्त झाली आहे. म्हणजेच इच्छा ही स्वभावतः पापरूप मानलेली नाही. तिचा विषय आणि तिची दिशा यांवरून तिचे नैतिक मूल्य ठरते.

'देहाची कर्मे' या संकल्पनेबाबतही असेच म्हणता येईल. गलतीकरांस पत्रातील यादीत, प्राचीन हस्तलिखितांवर आधारलेल्या पाठानुसार, १५ कर्मे आहेत. त्यांपैकी वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट यांसारखी ८ कर्मे माणसामाणसांतील संबंध बिघडविणारी आहेत. शरीरसुखाशी त्यांचा थेट संबंध नाही. यावरून पौलाच्या दृष्टीने 'देह' म्हणजे केवळ शरीर नव्हे, तर देवापासून विन्मुख झालेले समग्र मानवी जीवन होय, हे स्पष्ट होते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो संयमासाठी स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूचे उदाहरण देतो. खेळाडू शरीराचा द्वेष करीत नाही. एका ध्येयासाठी त्याला शिस्त लावतो.

दुसऱ्या शतकात या संयमाचा अतिरेक करणारा एक पंथ उदयास आला. 'एन्क्रातेया' याच शब्दावरून त्याला 'एन्क्राताइट' असे नाव पडले. विवाह, मांस आणि मद्य यांना त्याचा विरोध होता. लिआँचा बिशप इरेनियस याने या मताचे खंडन केले. विवाह नाकारणे म्हणजे निर्मात्यालाच दोष देणे होय, अशी त्याची भूमिका होती. अशा रीतीने, संयमाच्या नावाखाली सृष्टीचा धिक्कार करण्यास चर्चने आरंभीच्या काळातच नकार दिला.

२. इवाग्रियसकृत विचारांचे विश्लेषण :

इच्छांचे सूक्ष्म निरीक्षण चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी केले. त्यांत पोन्तसचा इवाग्रियस (सुमारे ३४५–३९९) याचे स्थान महत्त्वाचे आहे. साधकाला ग्रासणारे आठ विचार त्याने सांगितले : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, 'अकेदिया', कीर्तिलालसा आणि गर्व. यांतील 'अकेदिया' म्हणजे साधनेचा येणारा वीट. ऐन दुपारी सूर्य जणू जागचा हलत नाही, मन वारंवार खिडकीबाहेर धावते आणि आपली खोली सोडून अन्यत्र जावे असे वाटते, असे तिचे वर्णन त्याने केले आहे.

भारतीय परंपरेतील षड्रिपूंशी या यादीची तुलना उद्बोधक ठरते. काम, क्रोध, लोभ आणि मद यांचे प्रतिरूप दोन्हींकडे आढळते. मत्सर मात्र इवाग्रियसच्या आठ विचारांत नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला याने या यादीची पुनर्रचना करताना त्याचा समावेश केला. सात प्रमुख पापांची परंपरा तेथून पुढे रूढ झाली.

या स्थित्यंतरात एक महत्त्वाची गोष्ट मागे पडली. इवाग्रियस या आठांना पापे न म्हणता 'लोगिस्मोई', म्हणजे विचार, असे म्हणतो. त्याच्या मते विचार मनात येणे वा न येणे माणसाच्या हाती नसते. तो मनात रेंगाळू द्यावा की नाही आणि त्याने विकार चेतवावेत की नाही, हे मात्र हाती असते. संयमाचा आरंभ त्यामुळे आत्मनिंदेने न होता निरीक्षणाने होतो. या साधनेतून प्राप्त होणाऱ्या अवस्थेला तो 'अपाथेया' म्हणतो आणि तिचे अपत्य म्हणजे प्रीती, असे सांगतो. पुढे जेरोमने या संकल्पनेवर कठोर टीका केली. असा माणूस एक तर दगड होईल किंवा देव, असा तिचा रोख होता. तथापि जिच्यातून प्रीती जन्मते ती अवस्था निव्वळ भावशून्यता असू शकत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

३. कृपा आणि सद्गुण :

संयमाचे सामर्थ्य कोठून येते, हा प्रश्न ऑगस्टीन (३५४–४३०) याने ऐरणीवर आणला. इ.स. ३८६ मध्ये मिलान येथे त्याचे परिवर्तन झाले. परंतु सुमारे दहा वर्षांनंतर, बिशप असताना लिहिलेल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात तो अन्न, संगीत आणि लोकस्तुती यांचे मोह आपल्याला अजूनही कसे खुणावतात, याची तपासणी करतो. शरीराची गरज कोठे संपते आणि सुखाची हाव कोठे सुरू होते, हे भोजन करताना नेहमी कळत नाही, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. संयम ही देवाची देणगी असल्याने तो देवाकडेच मागावा, अशी त्याची धारणा होती. पेलाजियसला ती मान्य नव्हती, कारण तिच्यामुळे मानवी प्रयत्नांची जबाबदारी शिथिल होईल असे त्याला वाटत होते. पौलाने मात्र संयमाला आत्म्याचे 'फळ' म्हटले आहे. फळासाठी मशागत करावी लागते. पण केवळ मशागतीने फळ निर्माण होत नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने हा विचार अधिक काटेकोरपणे मांडला. तीव्र दुष्ट इच्छा जाणवत असूनही तिला प्रतिकार करणारा मनुष्य आणि ज्याची इच्छाच विवेकाशी सुसंगत झाली आहे असा मनुष्य, यांत तो भेद करतो व दुसऱ्याला श्रेष्ठ मानतो. तसेच जीवनधारणेसाठी आवश्यक असलेल्या सुखाविषयीची संवेदनशून्यता हा तो गुण न मानता दोष मानतो.

४. कठोरतेचा धोका :

हा भेद केवळ तात्त्विक नाही. जॉन कॅसियन याने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या 'संवाद' या ग्रंथातील दुसऱ्या संवादात एक कथा येते. कामविचारांनी त्रस्त झालेला एक तरुण तपस्वी एका वृद्धाकडे जातो. वृद्ध त्याला अत्यंत कठोर शब्दांत धिक्कारतो. तरुण निराश होऊन व्रत सोडून परत निघतो. वाटेत भेटलेला अपोलो नावाचा ज्येष्ठ तपस्वी मात्र, या वयातही आपल्याला असे विचार छळतात, असे सांगून त्याला धीर देतो व माघारी पाठवतो. नंतर तो त्या वृद्धाच्या झोपडीबाहेर, तरुणाचा मोह वृद्धावर यावा, अशी प्रार्थना करतो. तो मोह येताच वृद्ध भ्रमिष्टासारखा सैरावैरा धावू लागतो.

या कथेतील वृद्धाने इच्छा जिंकलेली नव्हती. ती त्याला ओळखता आलेली नव्हती, एवढेच. मनात विचार आला म्हणजे पाप घडले, असे ज्याला शिकवले जाते, तो एक तर निराश होतो किंवा दांभिक होतो. तरुणांना मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो धर्मगुरू असो वा अध्यापक, ही कथा विचार करावयास लावणारी आहे.

समारोप :

नवा करार, इवाग्रियस, ऑगस्टीन आणि अक्वायनस यांच्या भूमिकांत भिन्नता असली, तरी ख्रिस्ती आत्मसंयमन म्हणजे इच्छेचा उच्छेद नसून तिला ओळखणे आणि प्रीतीच्या दिशेने वळवणे होय, हा त्यांतील समान धागा आहे. उपवास, प्रार्थना व दानधर्म ही त्याची साधने होत. साधनेमुळे मनुष्य इतरांविषयी अधिक कठोर होत असेल, तर त्याच्या ठिकाणी दमन घडले, असे म्हणता येईल. संयम साधला, असे म्हणता येणार नाही. आत्म्याच्या फळांच्या यादीत 'इंद्रियदमन' शेवटी आणि 'प्रीती' आरंभी येते. त्यामुळे शेवटच्या शब्दाचा अर्थ पहिल्या शब्दाच्या प्रकाशातच लावणे युक्त ठरते.