शाळेला कुलूप लावण्याआधी

मागच्या आषाढात पट्टा पद्धतीच्या रोवणीचे प्रात्यक्षिक दाखवायला मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावी गेलो. बांधीवर चिटपाखरू नाही. सारा गाव शाळेपुढे! फाटकाला कुलूप, बाहेर दप्तरे घेतलेली पोरे, आणि "गुरुजी द्या" अशा घोषणा. चार वर्गांना एकच शिक्षक होते. मागणी रास्तच होती. माझे प्रात्यक्षिक राहिले, त्याचे मला काही वाटले नाही.

पोरांच्या लढ्याने कामे होतात, हे मी नाकारत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची शाळा बंद झाली. भाम धरणात जमिनी गेलेल्यांची ही वस्ती. तिथली मुले चक्क शेळ्या हाकत नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. दप्तर घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या, हे त्यांचे म्हणणे. शाळाच नाही, तर दुसरे राखायचे काय? शेवटी शाळा पुन्हा सुरू करावी लागली.

पण दरेवाडीच्या मुलांपुढे शाळाच उरली नव्हती. तुमची शाळा उभी आहे. तिला कुलूप लावाल तेवढे दिवस तुमच्याच लेकरांचे बुडतील. त्याआधी हातात काय आहे ते पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. समितीचा ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि शिक्क्यानिशी पोच घ्या. तोंडी सांगितलेले कोणी लिहून ठेवत नाही. एवढ्यावरही काही झाले नाही तर पंचायत समितीपुढे जरूर बसा. पण बसायचे ते आईबापांनी.

त्या गावात समितीची शेवटची सभा कधी झाली, असे मी विचारले. अध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे पाहिले, उपाध्यक्षांनी आभाळाकडे.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. दुसरे गुरुजी आले होते. त्यांच्या वर्गात मुले मात्र नऊच. बाकीची कुठे, असे विचारले तर गुरुजींनी खिडकीतून बोट दाखवले. बांधीत रोवणी जोरात चालली होती, आणि घोषणा देणारी तीच पोरे डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन धुऱ्यावरून चालली होती.