जुनी कार घेताय? इसार देण्याआधी एवढे तपासा

भंडारा : धानाचे चुकारे हाती आले की गावागावात जुन्या कारची चौकशी सुरू होते. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचे असते, लेकीच्या सासरी जायचे असते आणि दरवेळी भाड्याची गाडी परवडत नाही. मग दोन लाखांच्या आसपास अल्टो, वॅगनआर, आय-टेन किंवा स्विफ्ट शोधली जाते. गाडी धुऊन-पुसून, पॉलिश मारून दारात उभी असते आणि गिऱ्हाईक रंगाला भुलते. पण खरा दोष पॉलिश पोहोचत नाही तिथे असतो. तिथे कसे पाहायचे, ते समजून घेऊ.

पुरात बुडालेली गाडी ओळखा

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरला होता. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी आणि नाग नदीच्या परिसरात पाणी घुसले, तेव्हा रस्त्यावर उभ्या असलेल्या अनेक गाड्या पाण्यात गेल्या. आपल्याकडचे बरेच लोक जुनी गाडी नागपूरहूनच आणतात, म्हणून ही तपासणी आधी करा.

बुडालेली गाडी धुऊन विकता येते, पण वायरिंगमध्ये गेलेले पाणी वर्ष-सहा महिन्यांनीही त्रास देते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या टोकाला गाळाचा डाग किंवा कुबट वास असेल तर सावध व्हा. पायाखालची मॅट उचलून खालचा पत्रा पाहा. सीटच्या नटबोल्टांना गंज आहे का, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात माती साचली आहे का, हेडलाइटच्या आत वाफ धरली आहे का, हेही बघा.

इंजिन थंड असतानाच सुरू करा

गाडी सकाळी, दिवसाउजेडी पाहायला जा. आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर मालकाने ती अगोदरच सुरू केली होती. असे असेल तर दुसऱ्या दिवशी या, कारण गरम इंजिनात सुरू होण्याचा त्रास लपतो.

सुरू केल्यावर सायलेन्सर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघते, त्याची भीती नाही. मात्र इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर इंजिनात कूलंट जात असू शकते. इंजिन बंद करून ऑइलचे झाकण उघडा. आत चहाच्या रंगाची साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळले असण्याची शक्यता आहे. हा खर्च मोठा असतो.

नंतर एसी लावून गाडी पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा फिरला पाहिजे आणि टेम्परेचरचा काटा किंवा दिवा वर जाता कामा नये. आपल्याकडच्या मे महिन्यात हा पंखा बंद पडला तर इंजिन तापून बसते. गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका, अंगावर उकळते पाणी उडते.

८०० सीसीच्या अल्टोमध्ये टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर नव्या बेल्टचा खर्च सौद्यातून कापून घ्या.

खराब रस्त्यावर चालवून बघा

फक्त डांबरी रस्त्यावर फेरी मारू नका, खड्ड्याच्या रस्त्यावरही न्या. समोरून खटखट आवाज आला तर लोअर आर्मचे बुश किंवा सस्पेन्शन झिजले आहे. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टकटक आवाज येत असेल तर एक्सलच्या जॉइंटचे काम आहे. तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी जोर धरत नाही, तर क्लचप्लेट संपत आली. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, तेही बघा.

मीटर आणि अपघात

‘फक्त चाळीस हजार चालली आहे’ यावर लगेच विश्वास ठेवू नका. पॅडलचे रबर, स्टेअरिंग आणि ड्रायव्हरची सीट घासलेली असेल तर मीटर मागे नेल्याचा संशय घ्या. सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात, ते जुळवा. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे असतात. अपघात लपवला आहे का, हे दरवाज्यांच्या फटींवरून आणि बोनेटच्या नटबोल्टांवरच्या पान्याच्या खुणांवरून कळते. लहान लोहचुंबक पत्र्याला नीट चिकटत नसेल तर तिथे पुट्टी भरलेली असू शकते.

कागद पाहिल्याशिवाय पैसे नाही

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. पासिंग, विमा आणि कर्जाचा बोजा तपासा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. कर्ज असेल तर बँकेचे नाहरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. बालाघाटकडची, म्हणजे मध्य प्रदेशची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात कर भरावा लागतो. हा खर्च आधीच धरा. सीएनजी गाडी असेल तर आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

नाव बदलणे पुढे ढकलू नका. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच मालक धरला जातो.

शेवटी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची एका दिवसाची मजुरी जाईल, पण अख्ख्या हंगामाचे पैसे वाचतील. ‘दुसरे गिऱ्हाईक येत आहे, आजच इसार द्या’ अशी घाई जिथे होते, तिथून सरळ घरी परत या.